वाचकांचे प्रश्न : बीड, साखर, सोने आणि लेसरचा उजेड

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना, पदार्थातून निघालेल्या उजेडाचे रंग वेगळे करून तो पदार्थ कशाचा आहे हे ओळखता येते, असे मी ओझरते लिहिले होते. त्यावर बेळगाव, खानापूर, चिकोडी, हुक्केरी या भागांतून इतकी पत्रे आली, की या महिन्याचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्र लिहिणाऱ्यांत प्राध्यापक थोडे आणि रोज यंत्राशी काम करणारी माणसे अधिक आहेत, याचे मला फार समाधान वाटले. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत आणि नावे मुद्दाम गाळली आहेत.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाचक : आम्ही वितळलेल्या बिडाचा (ओतीव लोखंडाचा) नमुना स्पेक्ट्रोवर तपासतो. एकाच हीटच्या, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूच्या, दोन नमुन्यांत कार्बन एकदा ३.४ आणि एकदा ३.१ टक्के दाखवतो. मालकांच्या मते मशीन बिघडले आहे, सर्व्हिसला येणारे म्हणतात मशीन ठीक आहे. आता लेसरवर चालणारे, हातात धरायचे यंत्र घ्यावे असे चालले आहे. त्याने हा घोळ मिटेल का?

मिटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रावर पैसे घालण्याआधी आपण आपला नमुना कसा थंड होतो ते पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आपल्या स्पेक्ट्रोमध्ये नमुन्याचा घासलेला पृष्ठभाग आणि टोकदार इलेक्ट्रोड यांच्यामध्ये ठिणगी पडते. त्या ठिणगीत धातूचा अगदी थोडा अंश वाफ होऊन तापतो, त्याचे अणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतात, आणि बारीक समांतर रेघा आखलेली जाळी, म्हणजे ग्रेटिंग, तो प्रकाश रंगांनुसार पांगवते. पांगलेल्या रंगांचा हा पट्टा म्हणजे वर्णपट. कार्बनची आपण वाचतो ती रेषा १९३.०९ नॅनोमीटरवर, गंधकाची १८०.७३ वर आणि फॉस्फरसची १७८.२८ वर असते. हा सगळा डोळ्यांना न दिसणारा, दूरचा अतिनील प्रकाश आहे, आणि हवेतला ऑक्सिजन तो वाटेतच गिळतो. ठिणगीच्या जागी आर्गॉन खेळता ठेवतात तो यासाठी, आणि ९९.९९९ टक्के शुद्ध आर्गॉनचा आग्रह धरतात तोही यासाठीच. ठिणगी पडलेल्या जागेकडे नीट पाहण्याची सवय लावून घ्या. मध्ये बारीक वितळलेला खड्डा आणि भोवती काळसर कडे असेल तर ठिणगी एकवटून पडली. डाग नुसताच पांढरट आणि पसरट दिसला तर आर्गॉनमध्ये हवा शिरली आहे किंवा नमुना नीट टेकलेला नाही, असे समजून तो आकडा वहीत न लिहिता पुन्हा ठिणगी मारावी.

आता मूळ दुखणे. राखी बीड सावकाश थंड झाले तर त्यातला बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा पडतो. ठिणगीखाली लोखंड आणि ग्रॅफाइट सारख्या प्रमाणात वाफ होत नाहीत, म्हणून कार्बनचा आकडा डळमळतो. तोच द्रव पातळ नाण्याच्या आकाराच्या तांब्याच्या साच्यात ओतून झपाट्याने गोठवला, तर कार्बन लोखंडाशी संयुग करून एकसारखा विखुरलेला राहतो आणि नमुना मोडला की आतून पांढरा, चकचकीत दिसतो. काही वर्षांपूर्वी याच भागातल्या एका फौंड्रीत मी उभा असताना एका जुन्या कामगाराने नमुन्याचे नाणे चिमट्यात धरून ऐरणीच्या कडेवर ठोकले, मोडलेली कड उजेडाकडे फिरवली आणि "मधी राखाडी हाय, दुसरं घ्या" एवढेच म्हटले. यंत्र अजून चालूही केलेले नव्हते. आपले दोन आकडे ज्या दोन नमुन्यांचे आहेत ते दोन्ही असेच मोडून पाहा. ३.१ दाखवणारा नमुना मध्यभागी राखाडी निघेल, असा माझा अंदाज आहे.

लेसरच्या यंत्राविषयी. त्यात ठिणगीची जागा लेसरचा झोत घेतो. काही नॅनोसेकंद टिकणारा स्पंद भिंगाने एका बिंदूवर आणला, की तेवढ्यापुरता धातू प्लाझ्मा होऊन चमकतो, आणि पुढचे काम वर्णपटाचेच असते. नमुना वीजवाहक असलाच पाहिजे असे नाही आणि जवळ जाऊन टेकण्याचीही गरज नसते, हे त्याचे खरे मोठेपण. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीवर याच पद्धतीचे उपकरण होते, ते बेंगळुरूच्या इस्रोच्या विद्युत-प्रकाशीय प्रणाली प्रयोगशाळेत तयार झाले होते, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील मातीत गंधक असल्याचे जागेवरच दाखवले. कारखान्यात त्याचा दुसरा फायदा असा, की हातातल्या क्ष-किरण यंत्राला स्टीलमधला कार्बन वाचता येत नाही, कारण कार्बनचे क्ष-किरण फार दुबळे असल्याने वाटेतच शोषले जातात. लेसरच्या यंत्राला तो वाचता येतो. आलेला माल कोणत्या ग्रेडचा आहे हे गोदामात उभ्या उभ्या तपासायचे असेल तर ते जरूर घ्या. मात्र नमुन्यात ग्रॅफाइट वेगळा पडला असेल तर लेसरचा बिंदू एकदा पापुद्र्यावर आणि एकदा लोखंडावर पडेल, आणि आकड्यांचा गोंधळ आहे तसाच राहील.

खानापूर तालुक्यातील बारावीची विद्यार्थिनी : दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, आता बेळगावच्या कॉलेजात सगळे इंग्रजीत आहे आणि कन्नड माध्यमातून आलेल्या मैत्रिणी 'रोहित' असा शब्द वापरतात. वर्णपट, रोहित आणि स्पेक्ट्रम एकच का? आणि लेसर हासुद्धा शेवटी उजेडच, मग दिव्याने जे होत होते त्यापेक्षा त्याने वेगळे काय केले?

तिन्ही एकच. कन्नड पुस्तकांत वर्णपटल असाही शब्द आहे, तो तर आपल्या वर्णपटाचा सख्खा भाऊ. तू तिन्ही शब्द वापर. आपल्या भागातल्या मुलांना एकाच गोष्टीची तीन नावे माहीत असतात, हे त्यांचे भांडवल आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रामन यांच्या प्रयोगातून चांगले समजेल. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना दिसले, की द्रवातून एका रंगाचा प्रकाश पाठवला तर बाजूला विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज थोडा बदललेला रंगही असतो. प्रकाश रेणूला धडकतो, रेणू आपल्या कंपनासाठी त्यातली थोडी ऊर्जा ठेवून घेतो आणि उरलेली परत देतो. परतलेल्या प्रकाशाचा रंग तेवढा लालीकडे सरकतो. प्रत्येक रेणूची कंपने त्याची स्वतःची असल्यामुळे हा सरकलेला रंग त्याची ओळख ठरतो. अडचण एवढीच, की अशी देवाणघेवाण फार क्वचित होते. ढोबळ मानाने कोटीभर प्रकाशकण विखुरले तर त्यांतला एखादाच रंग बदलून येतो. रामन यांनी आधी दुर्बिणीच्या भिंगाने एकवटलेले ऊन वापरले, मग पाऱ्याचा दिवा. आणि फोटोच्या काचेवर मंद रेषा उमटण्यासाठी तासन्‌तास, वायूंच्या बाबतीत तर दिवसचे दिवस वाट पाहावी लागे.

आता दिव्याचा दोष काय, ते पाहा. दिव्याचा उजेड सगळ्या दिशांना जातो, त्यामुळे भिंगाने गोळा केला तरी तो एका बिंदूवर पुरता येत नाही. त्यात अनेक रंग असतात, म्हणून गाळणी लावून एकच रंग ठेवावा लागतो आणि त्यात बहुतेक उजेड वाया जातो. लेसरमध्ये उत्तेजित अणू एकमेकांच्या तालावर प्रकाश सोडतात, त्यामुळे रंग जवळजवळ एकच राहतो आणि किरण समांतर निघतात. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून ६९४.३ नॅनोमीटरचा पहिला लेसर मिळवला, आणि दोनच वर्षांत, १९६२ मध्ये, पोर्तो आणि वुड यांनी तशाच लेसरने रामन वर्णपट घेऊन दाखवला. पुढे दोन भर पडल्या, त्यांना पुस्तकात जागा कमी मिळते पण माझ्या मते त्या लेसरइतक्याच महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे लेसरचा स्वतःचा रंग तेवढा अडवून शेजारचा रंग सोडणारी गाळणी, कारण त्या कोटीभर न बदललेल्या कणांच्या झगमगाटात एकुलता एक बदललेला कण दिसायचा कसा? दुसरी म्हणजे सीसीडी, आज तुझ्या फोनच्या कॅमेऱ्यात असतो त्याच जातीचा प्रकाशग्राही तुकडा. बॉइल आणि स्मिथ यांनी त्याची कल्पना १९६९ मध्ये मांडली. रामन यांना रात्रंदिवस घालवून जे मिळत होते ते आज टेबलावरचे यंत्र काही सेकंदांत देते.

आणखी एक नाव तू लक्षात ठेवावेस. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म बारामतीचा, १९३८ सालचा, आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत असताना १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. त्याचा १०.६ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश आज लोखंडी पत्रे कापतो, उद्यमबागेत तो तुला पाहायलाही मिळेल. पटेल यांनी पुढे लेसर वायूंच्या मोजमापाकडे वळवला. वायूवर प्रकाश चालू-बंद होत पडला आणि तो प्रकाश त्या वायूने शोषला, तर वायू तापतो-निवतो, त्याच्या दाबाला हेलकावे बसतात आणि मायक्रोफोनला आवाज ऐकू येतो. शोषलेला उजेड कानाने ऐकण्याची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८० मध्येच सुचली होती, पण तेव्हा त्यांच्या हातात होते फक्त ऊन. लेसर आल्यावर तीच पद्धत इतकी संवेदनशील झाली, की पटेल आणि सहकाऱ्यांनी बलूनमधून उपकरण वर पाठवून वातावरणाच्या उंच थरातला नायट्रिक ऑक्साइड मोजला.

चिकोडी तालुक्यातील साखर कारखान्यातील केमिस्ट : रसाचा पोल, म्हणजे त्यातल्या साखरेचे प्रमाण, काढताना पूर्वी लेड सबअॅसिटेट घालून रस निवळावा लागे. नवीन पोलॅरिमीटरवर शिसे न घालताच काम होते. हे कसे? आणि गुळातली भेसळ लेसरने ओळखता येईल का?

दोन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रंग.

पोलॅरिमीटर हे वर्णपट काढत नाही. साखर प्रकाशाच्या कंपनाचे प्रतल किती फिरवते ते मोजते. पण मोजायचे तर प्रकाश नळीतून आरपार गेला पाहिजे. जुने मोजमाप सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाशेजारी, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास होते. उसाचा काळपट रस नेमका निळा-पिवळा प्रकाश शोषतो, म्हणून त्यातला रंग शिशाच्या क्षाराने खाली बसवून, गाळून, मग नळी भरत. नव्या यंत्रांत ८८२ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. रसाचा रंग त्याला अडवत नाही. रस गढूळ मात्र चालत नाही, गाळणे चुकत नाही, कारण कण कोणताही प्रकाश विखुरतातच. शिसे प्रयोगशाळेतून गेले ही माझ्या दृष्टीने पोलच्या दशांश चिन्हापेक्षा मोठी गोष्ट आहे. वर्षानुवर्षे ते सांडपाण्याबरोबर कुठे जात होते याचा विचार करा.

गुळाचे असे आहे, की हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या लेसरखाली त्याचा रामन वर्णपट घ्यायला गेले तर त्यातली तपकिरी द्रव्ये स्वतःच चमकू लागतात. ही प्रतिदीप्ती रामन प्रकाशाच्या कितीतरी पट प्रखर असते आणि रेषा तिच्यात बुडून जातात. शिवाय गडद खडा प्रकाश शोषून तापतो आणि लेसर जोरकस असेल तर जागेवर करपतो. उपाय तोच, लालीकडे सरकण्याचा. ७८५ किंवा १०६४ नॅनोमीटरच्या लेसरने प्रतिदीप्ती बरीच ओसरते. पण त्याची किंमत मोजावी लागते, कारण विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटते. ५३२ वरून ७८५ वर गेले की मूळ खूण सुमारे पावणेपाच पटींनी क्षीण होते आणि १०६४ वर गेले की सोळा पटींनी. नेमकी कुठली भेसळ आपण शोधत आहात, ते कळवा. खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, असेल तर त्याची रेषा ठळक असते आणि ती सापडण्याची आशा चांगली आहे. गुळात साधी साखर मिसळली असेल तर मात्र हात टेकावे लागतील, कारण गूळ हा मुळात बव्हंशी साखरच आहे.

शहापूरचे एक सराफ : आमचे कॅरेट मीटर लेसरवर चालते का?

नाही, ते क्ष-किरणांवर चालते. क्ष-किरण सोन्याच्या अणूतले आतले इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्या जागा भरताना निघणाऱ्या क्ष-किरणांवरून सोने, तांबे, चांदी यांचे प्रमाण कळते. दागिन्याला काही होत नाही. ते फक्त वरच्या काही मायक्रॉनचे वाचते, त्यामुळे जाड मुलामा असेल तर फसते, हे आपल्याला अनुभवाने माहीत असेलच. हिऱ्यासाठी मात्र रामन वर्णपट उपयोगी पडतो. हिऱ्याची १३३२ प्रति सेंटिमीटर (रंग किती सरकला त्याचे माप) ही एकच ठसठशीत रेषा असते आणि हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाइट खडा तिथे ताबडतोब वेगळा पडतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही तीच रेषा दाखवतो, कारण तोसुद्धा हिराच आहे.

चिकोडीचे एक निवृत्त शिक्षक : हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. आता कोणी म्हणते ते खरे नाही. खरे काय?

गुरुजी, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरापासून फार लांब नाही.

हेलियमची कथा सुरू होते ती १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणापासून. त्याची सावली पश्चिम किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणमकडे गेली. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर, ज्यांचे नाव विजयदुर्गाशी जोडले जाते, ते त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबरला तिकडेच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ग्रहण नसतानाही त्या ज्वाळा पाहता येतात हे जान्सेन यांनी गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी ओळखले होते, आणि दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे एकाच दिवशी पोहोचली. विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे' लोकांनी आठवणीत जपले याचा मला आदर आहे, पण लॉकयर तिथे बसले नव्हते.

आपल्या भागातला माणूस तेव्हा जमखंडीत होता. लेफ्टनंट जॉन हर्शेल, प्रसिद्ध ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांचे चिरंजीव, भारतातील मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचा वर्णपटदर्शक घेऊन ते पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात आले होते. ऐन श्रावण-भाद्रपदाचे दिवस, आभाळ ढगांनी भरलेले. खग्रास स्थितीच्या मोजक्या मिनिटांतही ढग मधे मधे येत होते. ढग क्षणभर फाटले तेव्हा त्यांनी सूर्याच्या कडेवरची ज्वाळा वर्णपटदर्शकाच्या फटीवर आणली आणि काळोख्या पार्श्वभूमीवर तीन तेजस्वी रेषा पाहिल्या : एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. अखंड रंगपट्टा नाही, फक्त रेषा. याचा अर्थ ज्वाळा तप्त वायूची आहे. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची डी रेषा समजली.

ती सोडियमची नव्हती. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात आणि ही ५८७.६ वर होती. दीड नॅनोमीटरचे अंतर! ढगांच्या फटीतून, घाईघाईने, जमखंडीच्या माळावर ते कुणालाही मोजता आले असते असे मला वाटत नाही. ही रेषा सोडियमची नाही हे पुढे लॉकयर यांनी सावकाश मोजून ठरवले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात मूलद्रव्याला हेलियम असे नाव मिळाले. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजात सापडले. तेव्हा वर्गात सांगताना एकट्या विजयदुर्गाऐवजी गुंटूर, लंडन आणि जमखंडी अशी तिन्ही नावे सांगावीत. पुढे हेच हेलियम निऑनबरोबर काचेच्या नळीत भरून ६३२.८ नॅनोमीटरचा तांबडा लेसर तयार झाला, आणि तो कॉलेजच्या प्रयोगशाळांत अजूनही दिसतो.

बेळगावातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी : लेसरचा रंग इतका शुद्ध असेल तर अणूची रेषा तितकीच बारीक का दिसत नाही? आणि 'फ्रिक्वेन्सी कोंब'चा या सगळ्याशी संबंध काय?

टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी उभे राहिल्यावर येणाऱ्या गाडीची शिट्टी उंच पट्टीची वाटते आणि गाडी पुढे गेली की तीच शिट्टी खाली उतरते. खोलीच्या तापमानाला रुबिडियमच्या वाफेतले अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने सगळ्या दिशांना धावत असतात, त्यामुळे प्रत्येकाची 'शिट्टी' थोडी वेगळी ऐकू येते आणि सगळ्या मिळून रेषा पसरते. तिची नैसर्गिक रुंदी ६ मेगाहर्ट्झ, प्रत्यक्षात दिसते ती सुमारे ५०० मेगाहर्ट्झ. दिव्याने यावर काही करता येत नव्हते. लेसरने करता येते : एकाच लेसरचे दोन किरण समोरासमोरून पाठवायचे. धावत्या अणूला एक किरण चढा आणि दुसरा उतरता वाटतो, म्हणून दोन्ही एकदम मानवत नाहीत. जे अणू किरणांच्या दिशेने हलतच नाहीत त्यांनाच दोन्ही एकाच वेळी जुळतात. पहिला किरण त्यांना आधीच उत्तेजित करून ठेवतो, म्हणून दुसऱ्या किरणाचे शोषण तेवढ्याच जागी घटते आणि रुंद खळग्याच्या तळाशी एक बारीक टोक उभे राहते. ते टोक म्हणजे अणूची खरी रेषा. ओसिलोस्कोपच्या पडद्यावर मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा आरसा केसभर हलवताच टोक नाहीसे झाले आणि पुन्हा मिळवायला अख्खी दुपार गेली. तुमच्याकडे सोय असेल तर हा प्रयोग स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पदवी घेऊ नका. लेसर वर्णपटशास्त्राच्या उभारणीसाठी १९८१ मध्ये ब्लोएमबर्गन आणि शॉलो यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि अणूंनाच लेसरने मंद करण्याच्या युक्तीसाठी १९९७ मध्ये चू, कोहेन-तानुजी आणि फिलिप्स यांना पारितोषिक मिळाले.

कोंब म्हणजे फणी. रेषा बारीक मिळाली, तरी ती नेमकी कुठे आहे हे सांगायला तितकीच बारीक पट्टी हवी. नारिंगी प्रकाश सेकंदाला सुमारे पाच कोटी कोटी वेळा कंप पावतो. इतके कोणतेही इलेक्ट्रॉनिक यंत्र मोजू शकत नाही. एखादा लेसर अगदी छोटे स्पंद काटेकोर लयीत सोडत राहिला, तर त्याच्या वर्णपटात फणीच्या दातांसारख्या समान अंतरावर हजारो रेषा उभ्या राहतात. दोन दातांमधले अंतर स्पंदांच्या लयीइतके, म्हणजे रेडिओच्या टप्प्यातले असते आणि ते घड्याळाने मोजता येते. अज्ञात लेसर कोणत्या दोन दातांमध्ये पडतो ते पाहिले, की प्रकाशाची वारंवारिता थेट हाती येते. हॉल आणि हेन्श यांना यासाठी २००५ मध्ये नोबेल मिळाले.

हुक्केरी तालुक्यातील माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षिका : शाळेत काहीच साधने नाहीत. मुलांना वर्णपट दाखवायला लेसर पॉइंटर आणावा का? मिरवणुकीतल्या लेसरमुळे डोळे जातात असेही ऐकते.

बाई, पॉइंटर आणू नका. त्याच्यात एकच रंग असतो, म्हणून वर्णपट दाखवायला तो उपयोगाचाच नाही, आणि धोका खरा आहे. डोळ्याचे भिंग समांतर किरण दृष्टिपटलावर एका सूक्ष्म बिंदूत आणते आणि तिथे प्रखरता बाहेरच्यापेक्षा सुमारे लाखपट होते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचे मूल सांगतही नाही. एक मिलिवॅटच्या आतला असेल तर पापणी मिटेपर्यंत निभावते, पण बाजारातल्या स्वस्त हिरव्या पॉइंटरवर लिहिलेल्या आकड्याचा भरवसा नसतो. त्यात आधी अवरक्त प्रकाश तयार होतो आणि मग स्फटिकातून त्याचा हिरवा होतो. गाळणी बसवलेली नसेल तर उरलेला अवरक्त तसाच बाहेर पडतो, आणि तो दिसत नसल्याने पापणीही मिटत नाही. मिरवणुकीतले लेसर याहून कितीतरी जोरकस असतात. गर्दीच्या डोळ्यांच्या उंचीवर ते फिरवणे मला अक्षम्य वाटते. कुणा मुलाला मिरवणुकीनंतर नजरेत काळा ठिपका दिसू लागला तर आपोआप जाईल म्हणून न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

त्याऐवजी एक जुनी सीडी घ्या. तिच्यावरचे वळसे १.६ मायक्रॉन अंतरावर असतात, म्हणजे एका मिलिमीटरला ६२५ रेघा. घरात सापडणारी ही उत्तम ग्रेटिंग आहे. बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवून केसाएवढी फट ठेवा. ब्लेड आपण स्वतः चिकटवावे, मुलांकडून नको. दुसऱ्या टोकाला सीडी तिरकी बसवा आणि वरून पाहायला भोक पाडा. आतून खोके काळे केले तर रंग खुलतात. फट जितकी बारीक तितक्या रेषा स्पष्ट आणि रंग मंद, एवढा तोल सांभाळावा लागतो.

वर्गातल्या ट्यूबलाइटकडे फट धरली तर अखंड पट्ट्याऐवजी तुटक तेजस्वी रेघा दिसतील. त्यांतली जांभळी, ४३६ नॅनोमीटरची, पाऱ्याची आहे. एलईडीकडे धरली तर निळा उंचवटा आणि पुढे पसरलेला हिरवा-पिवळा पट्टा दिसेल. मिठाच्या दाट पाण्यात बुडवलेली काडी गॅसच्या निळ्या ज्योतीत धरली, की काळोखात एकच पिवळी रेघ उमटते, ती सोडियमची. शेवटी खोके मोकळ्या आभाळाकडे धरा, सूर्याकडे मात्र कधीही नाही. फट पुरेशी बारीक असेल तर रंगपट्ट्यात काळ्या उभ्या रेघा दिसू लागतील. त्यांतली पिवळ्यातली काळी रेघ मिठाच्या रेघेच्याच जागी येते का, ते मुलांना पेन्सिलीची खूण करून ताडून पाहू द्या, आणि त्यांना काय दिसले ते मला जरूर कळवा.